उधव्याला मी प्रमुख पाहुणा झालो त्याची हकिकत

आगर,
बुधवार, ५ जुलै २०१७

तीर्थस्वरूप अंबूताईस,

काशीनाथचा नमस्कार. (कंबर धरली आहे म्हणून वाकणं कागदावरच मानून घे. कशाने धरली ते पुढे येईल.) तुझा गुडघा आता कसा आहे? वापीहून तुझ्या जतीनचा फोन येतो ना? आम्ही इकडे बरे आहोत. आगरहून मसोलीला यायला रिक्षाने वीस मिनिटं लागत नाहीत, तरी हा मला पत्र कसलं लिहितो, असं तुला वाटेल. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि समोर आलो की तू ताट वाढतेस, मग माझंच बोलायचं राहतं. पत्राचं तसं नाही. ते हातात पडलं की शेवटपर्यंत वाचावं लागतं.

तर आपल्या वाडीत चिकू उतरवायला येणारा सुक्या तुला ठाऊक आहे. वीस वर्षं येतो. उधव्याच्या एका पाड्यात त्याचं घर. त्याची मुलगी शितल यंदा दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के मिळवून पास झाली, पाड्यात पहिली. पाड्यातल्या लोकांनी पास झालेल्या सगळ्या मुलांचा सत्कार ठरवला, आणि पाहुणा म्हणून जो कोणी मोठा माणूस येणार होता त्याने आयत्या वेळी नाही म्हटलं. तेव्हा सुक्या सगळ्यांना म्हणाला, आमच्या काशीनाथशेटना बोलवू, ते पुष्कळ बोलतात. (ही स्तुती आहे असं मी धरून चाललो आहे.) मुलांना पुढच्या आयुष्याबद्दल धीर द्यायचा, एवढंच काम. मी अकरा पानी भाषण लिहिलं. आमच्या घरात ते दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी सौभाग्यवती शेजारी निघून गेली.

रविवारी लग्नातला कोट घालून निघालो. तलासरीपर्यंत ठीक गेलो. तिथून उधव्याच्या जीपमध्ये खिडकीशी जागा मिळाली, आणि ताई, तुला माझी खोड माहीत आहे, खिडकी मिळाली की मी जागेवर राहत नाही. बाहेर भातखाचरांत पाणी भरलेलं, त्यात ढग उतरलेले, बायका ओणव्याने लावणी करत होत्या ती जशी काही ढगांतच. ते बघता बघता मला आणखी वीस वर्षांनंतरचा उधवा दिसायला लागला. सुक्याची शितल जनावरांची डॉक्टर होणार म्हणते, तर मला तिचा दवाखाना दिसला, निळ्या दाराचा. बाहेर बैल, शेळ्या, एक म्हैस रांगेत उभी, आणि त्यांच्यामागे मीही, म्हातारा, कंबर धरून. ती मला तपासते आहे आणि सुक्याला सांगते आहे, यांना दोन दिवस चरायला सोडू नका. (जनावरांच्या डॉक्टरकडे मी कशाला गेलो, हे स्वप्नात विचारायचं सुचलं नाही.) इतकं शांत वाटत होतं, की मी जागा झालो तेव्हा रस्त्यावरच्या पाट्या गुजराती झाल्या होत्या.

उतरलो. चहावाल्याने गुजरातीत सांगितलं की उधवा मागे राहिला आणि परतीची जीप तासाभराने. मी सुक्याला फोन केला. त्याने पाड्यातल्या अंगणवाडीच्या जमनाबाईंना स्कूटी घेऊन पाठवलं. अशा रीतीने प्रमुख पाहुणा कोटासह जमनाबाईंच्या मागे बसून, प्रत्येक खड्ड्याला त्यांची क्षमा मागत, सव्वा तास उशिरा पाड्यावर पोचला. माझी कंबर त्या रस्त्यावर कुठेतरी आहे.

मुलं मात्र अजून शाळेच्या ओट्यावर बसून होती. नऊ जण. पोरींनी वेण्यांना नवीन रिबिनी लावलेल्या. एकही जण कंटाळलेला दिसला नाही, त्याचीच मला लाज वाटली. मी एकेकाला फूल आणि प्रशस्तिपत्र दिलं. शितलची पाळी आली तेव्हा तिने कागद दोन्ही हातांनी घेतला आणि लगेच वाचायला लागली, टाळ्या संपायच्या आत. आणि ताई, तिथे मला तू दिसलीस. सातवीचा निकाल घेऊन आपल्या ओट्यावर अशीच वाचत उभी होतीस. मी आठ वर्षांचा होतो.

भाषणाची अकरा पानं कोटाच्या खिशातच राहिली. मी तुझीच गोष्ट सांगितली. माझी बहीण सातवीला गावात पहिली आली, तिला कुणी फूल दिलं नाही. आई आजारी होती, म्हणून तिला घरी बसवलं आणि तिचं दप्तर मला दिलं. त्या दप्तराने मी मॅट्रिकला दोनदा नापास झालो. मुलं हसतील असं वाटलं होतं. हसली नाहीत. सुक्याची बायको संगिता पदराने तोंड धरून बसली होती.

शितल उभीच होती. तिने विचारलं, "त्या बाईंना पुढं शिकायचं होतं का?"

साठी उलटली माझी, पण मी तुला हे कधी विचारलेलं नाही. मी खोटं बोललो नाही. म्हणालो, "मला ठाऊक नाही. आम्ही कुणी विचारलंच नाही."

मग गुरुजींनी हळूच सांगितलं, की शितलला डहाणूच्या कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळाला आहे, पण वसतिगृहात जागा मिळाली नाही. सुक्याचं म्हणणं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. माईक माझ्याच हातात होता. त्याच्यातून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "माझी बहीण डहाणूजवळच मसोलीला एकटी राहते आणि तिच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत." आवाज माझा होता.

टाळ्या फार पडल्या. मला वाटतं तुलाच होत्या. येतो आता. जतीनला आशीर्वाद.

तुझा धाकटा,
काशीनाथ

ता.क. – शितल सगळं खाते. सुकट फार आवडते. तिच्या जेवणाचे तांदूळ-डाळ मी पोचवीन, त्याबद्दल तू बोलायचं नाही.

दुसरा ता.क. – मुलीला आगरला आपल्याकडेच का ठेवत नाही, असं सौभाग्यवतीने विचारलं. मी म्हटलं, कॉलेज लांब पडेल. खरं कारण निराळं आहे. आमच्या घरात ती नुसती राहील. तुझ्याकडे संध्याकाळी तिची वही उघडून बघणारं कुणीतरी असेल.

तिसरा ता.क. – वर मी लिहिलं की पत्र शेवटपर्यंत वाचावं लागतं. या पत्रापुरतं ते चुकलंच. हे पत्र टपालाने आलेलं नाही. ज्या मुलीने आणून दिलं ती शितल. तुला नाही म्हणायचं असेल तर म्हण, पण ते तूच तिला सांग, मला जमणार नाही. आणि ती मघापासून दारात उभी आहे. आधी तिला आत घे.