अमावास्येचे पाकीट

॥ श्री ॥
वासणा, बडोदे
२९ नोव्हेंबर २०१४

चि. निरुपमास आजीचे आशीर्वाद.

तू तिकडे नागपुरात डॉक्टरकी शिकतेस आणि रोज फोनवर येसूआजीची चौकशी करतेस. फोनवर सांगता येत नाही असे एक आहे, म्हणून चौथीपर्यंतच्या अक्षरात लिहिते. हसू नकोस.

येसू, माझी धाकटी जाऊ, अजून ऑक्सिजनवर आहे. गुडघा बदलून घरी आली तेव्हा डॉक्टरांनी बजावले होते, आठव्या दिवशी रक्त तपासा आणि रिपोर्ट येईल त्याच दिवशी दाखवा. लॅबचे किरीटभाई शनिवारी दुपारी पाकीट देऊन गेले. त्या दिवशी अमावास्या. तुझे खापरपणजोबा गेल्याचा पलटणीचा कागद अमावास्येला आला होता. तेव्हापासून आपल्या घरात त्या दिवशी बाहेरचा कागद उघडत नाहीत. मी पाकीट भवानीच्या टाकाखाली ठेवले. संध्याकाळी येसू म्हणाली, पोटरी भरून आल्यासारखी वाटते. मी म्हटले, मोजे घट्ट आहेत, कौतुक पुरे. नवा गुडघा काय मिळाला, राणीसरकार झाली!

रविवारी पाकीट फोडले. तुझा बाप दत्ताजी भरूचहून आला, त्याने डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी लगेच बोलावले. रिक्षातच तिला श्वास लागला. पायात गुठळी, तिचा तुकडा फुफ्फुसात.

आता खरे ऐक. मी सगळ्यांना सांगितले, पाकीट रविवारी आले. दत्ताजीने लॅबकडे उशिराची तक्रार केली, त्यांनी किरीटभाईंना कामावरून काढून घरी बसवले. काल भाजीच्या हातलारीपाशी भेटले, येसूबेनची तब्येत कशी आहे म्हणून विचारू लागले. मी मेथी निवडत राहिले.

एक दिवस आधी फोडले असते तर काय झाले असते, सांग. गोड नको.

लोभ ठेवावा असे मी काही केले नाही, तरी ठेव.
कमळाआजी

नागपूर
७ डिसेंबर २०१४

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

गोड नको म्हणालीस, म्हणून सरळ लिहिते. रक्तात दोन तऱ्हेचे शिपाई असतात असे समज. एक धावून जाणारे, दुसरे घर राखणारे. ऑपरेशननंतर धावणारे वाढतात, राखणारे कमी होतात, सूज दाखवणारा आकडाही चढतो. मग हळूहळू उतरतो. येसूआजीचे आकडे उतरून पुन्हा चढले होते. असे रक्त गोठण्याकडे झुकते असा अंदाज असतो, खात्री नाही. असे आकडे असूनही आमच्या वॉर्डातून ठणठणीत घरी गेलेले आहेत, आणि आकडे चांगले असताना गुठळी झालेलेही. म्हणून नुसता कागद बघत नाहीत, पायही बघतात. शनिवारी तुझ्यासमोर दोन्ही होते.

दुखणे टळले असते का, मला सांगता येत नाही. सोनोग्राफी एक दिवस आधी झाली असती, एवढे नक्की.

आजी, गुठळी तू केली नाहीस. किरीटभाई मात्र तुझ्यामुळेच घरी बसलेत. बाबांना मी सांगणार नाही. तू सांग. येसूआजीलाही.

माझा लोभ तुझ्या कबुलीवर थांबलेला नाही.
तुझी निरू

॥ श्री ॥
वासणा, बडोदे
२२ डिसेंबर २०१४

चि. निरुपमास आशीर्वाद.

दत्ताजीला सांगितले. त्याचा चेहरा पाहायला तू नव्हतीस ते बरे. त्याच्याबरोबर लॅबमध्ये गेले आणि मालकासमोर बोलले. किरीटभाई कामावर परत आले. त्यांची बायको मात्र मला पाहून रस्ता बदलते. बदलू दे.

येसू बारा तारखेला घरी आली. त्याच दिवशी तिलाही सांगितले. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मी शेजारी बसलेली असताना मीठ मोलकरणीकडे मागायची.

काल पुन्हा अमावास्या. किरीटभाई नवा रिपोर्ट घेऊन आले. मी हात पुढे केला, तर म्हणाले, ज्यांचा आहे त्यांच्याच हातात देणार. बरोबरच आहे. येसूने पाकीट उलटसुलट पाहिले आणि माझ्याकडे धरले. मी सवयीने देवाकडे वळले, तर तिने कोपरा सोडला नाही. म्हणाली, फोड. भवानीच्या समोर फोडले. आम्हा दोघींना काही कळले नाही. डॉक्टरांनी फोनवर सांगितले की आकडे उतरलेत.

माफ केले असे ती म्हणाली नाही, मीही विचारले नाही. आज सकाळी पाय पुढे करून म्हणाली, मोजे घट्ट आहेत. मी मोजा उतरवला आणि पोटरी दाबून पाहिली.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे.
कमळाआजी