मान न वळवता

आल्मेरे (नेदरलँड्स), १२ मे २०२५

ती. स्व. रविकांतकाकांस,
मंजूषाचा शि. सा. न.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्रच लिहून त्याचा फोटो पाठवतेय. नवं घर झकास आहे. शैलेंद्र खूश, ईशानीला स्वतःची खोली. रडतेय ती मी एकटीच.

आर्नहेमचा संघ सोडून इथल्या फ्लॅग फुटबॉलच्या, म्हणजे हाताने खेळायच्या फुटबॉलच्या, संघात आले आणि पार माती केली. धावत सुटायचं आणि लांबून फेकलेला चेंडू झेलायचा, एवढंच माझं काम. चार सामन्यांत एक धड झेल नाही! तिकडे विशाखा फेकायची. अकरा वर्षं नजरेला नजर भिडली की चेंडू हातात. इथली फेम्के तेवीस वर्षांची, तिचा चेंडू माझ्यापुढून सूंऽऽ करून जातो. ईशानी डचमध्ये म्हणते, आई, आता बाहेर बसून टाळ्या वाजव. रविवारी जमलं नाही तर कोच मला वगळणार आहेत.

पाय थकले का हो माझे? व्हिडिओ जोडलाय. हवं तर रागवा, पण माया पातळ करू नका.

तुमची मंजू

सांगली, १४ मे

चि. सौ. मंजूस अनेक आशीर्वाद.

चाळीस वर्षं शाळेतल्या पोरींना पळवलंय मी. व्हिडिओ सात वेळा पाहिला. पाय ठणठणीत आहेत गं बये, बिघडलीय ती मान! धावता धावता मागे वळतेस. विशाखा तुझी नजर मिळाल्याशिवाय चेंडू सोडत नसणार. ही पोरगी तू जिथे पोचणार तिथे आधीच फेकते, आणि तू तिचं तोंड बघत बसतेस. तिथेच एक पाऊल जातं.

सहावीत खो-खो शिकवताना काय सांगितलं होतं? पाठीवर खो पडला की उठायचं आणि सुटायचं, देणारीकडे बघायचं नाही. आधी मैदानाचा कोपरा गाठ, मग डोकं वर कर. चेंडू तिथे नसला तर मला खुशाल शिव्या घाल.

काकू लाडू पाठवते म्हणाली. मी म्हटलं, आधी झेलू दे. जीव आहे म्हणून बोलतो.

रविकांतकाका

आल्मेरे, १८ मे

ती. स्व. काकांस शि. सा. न.

जिंकलो, काका, जिंकलो!

शेवटचं मिनिट, आम्ही पाच गुणांनी मागे. मी दात आवळून सुटले. खरं सांगू? मला मागे चेंडू बघायचा नव्हताच, मला विशाखा हवी होती. ते धावतानाच कळलं. तरी वळले नाही. कोपऱ्यावर पोचले, वर पाहिलं, तर चेंडू अगदी डोळ्यांसमोर! झेलला आणि रेषेपलीकडे आडवी झाले, सहा गुण! ढोपर फुटलंय, फुटू दे. फेम्के अशी बिलगली की श्वास कोंडला, आणि आमची ईशानी चक्क मराठीत आरडाओरडा करत होती. संध्याकाळी विशाखाला फोन केला. दोघीही रडलो, मग खूप हसलो.

काकूंना नमस्कार. तुमचा ओरडा असाच मिळत राहो.

तुमची मंजू

ता. क. कोच पुढच्या हंगामाचा फॉर्म घेऊन आले. त्यात वयाचा रकाना असतो, तो मी नेहमी कोरा सोडायचे. आज पहिल्यांदा भरला, ठळक अक्षरांत. बेचाळीस.