वन्सं, ते मीठ खाऊ नका

ती. वन्संना वाकून नमस्कार,

आज सकाळी ओटा पुसला, कपडे पिळून दोरीवर टाकले, भाजी फोडणीला घातली आणि सवयीने मीठ टाकलं. हे जाऊन चार वर्षं झाली. भाजी एकटीची करते, पण हात मीठ अजून दोघांचंच टाकतो. तुमचा गुडघा कसा आहे? आधी कामाचं सांगते: मी पार्सलने पाठवलेलं मिठाचं पाकीट उघडू नका. उघडलं असेल तर चिमूटभरही खाऊ नका. का, ते ऐका (मध्येच चष्मा शोधायला उठू नका).

माझा रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी तुमचीच ती पिवळी गोळी मलाही दिली. आता मी काही नुसती गोळी गिळून गप्प बसणारी बाई नव्हे. वाचनालयातून जाडजूड पुस्तक आणलं. रोज एकच पान, पण समजेपर्यंत, हा माझा नेम तुम्हाला ठाऊक आहे. वन्सं, मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या शेवटाशी, पेशींवर, सोडियमपुरती दारं असतात. प्रत्येक दार तीन तुकड्यांचं (तिघं एकत्र नांदतात, जे आपल्या घरात कुणाला जमलं नाही). मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक धाडते आणि ते हुकूम सोडतं, दारं वाढवा! अगदी आपल्या सासूबाई, म्हणजे तुमच्या आई: स्वतः खाटेवर, हुकूम सगळ्या घरावर. सोडियम आत शिरतं, मागोमाग पाणी, आणि दाब चढतो. गोळी त्या दारांना बूच मारते.

मला वाटलं, मग सोडियम खावंच कशाला? कमी सोडियमचं मीठ आणलं, एक पाकीट मला, एक तुम्हाला. पंधरा दिवसांत पाय कापसाचे झाले, छाती मध्येच ठोका विसरू लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कपाळावर हात मारला.

“काकू, या मिठात पोटॅशियम असतं! सोडियम आत आलं की पोटॅशियम बाहेर जातं. गोळीने ती वाट अडवली आणि तुम्ही वरून चमच्याने भरताय. हृदय बंद पडलं असतं. कुणी सांगितलं हे?”

“पुस्तकाने.”

“पुढचं पान वाचलंत?”

“ते उद्या वाचणार होते.”

दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. आता बरी आहे. पडल्या पडल्या वाटलं, यांच्याकडे जायला माझी ना नाही, पण ‘मिठाने आलीस?’ म्हणून तिथे किती चिडवतील!

तुमची,
वहिनी

ता. क. फोन तीनदा केला. तिन्ही वेळा तुम्ही ‘राँग नंबर’ म्हणून ठेवलात.

ता. क. पोस्टात म्हणाले, पत्र पोचायला चार दिवस. मग टाकलंच नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने तुमच्याकडे आले, दार नुसतं लोटलेलं होतं. पार्सल दोरीसकट तसंच कोपऱ्यात. मी पाठवलेलं काही तुम्ही उघडत नाही याचा मला जन्मात पहिल्यांदा आनंद झाला. तुम्ही गाढ झोपेत होतात म्हणून पत्र उशाशी ठेवलं, पाकीट बेसिनमध्ये रिकामं केलं आणि माझ्या पिशवीतले कपडे तुमच्या कपाटात लावले.