तिच्या बरणीतलं विरजण

मी, खाली सही करणारा, वय एकोणसत्तर, धंदा बिअर बनवण्याचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना आणि सकाळपासून थेंबही न घेता लिहीत आहे.

१. राहतं घर आणि मागचं भट्टीघर, तांब्याचा हंडा व सहा लाकडी पिंपांसह, माझ्या एकुलत्या मुलीला द्यावं.

२. मेहुण्याने माझ्या बिअरला 'जळक्या फडक्याचं पाणी' म्हटलं होतं. त्याला एकही बाटली देऊ नये. बरं, एक द्यावी. शेवटी तो माझ्या बायकोचा भाऊ आहे.

३. आजोबांची बिअर ढवळायची काठी माझ्याबरोबर चितेवर ठेवावी. धुरावर वाळवलेल्या जवाची आंबट बिअर त्यांच्यानंतर या भागात कोणी केली नाही. लोक तिचं नावही विसरले. काठी ते कधी धूत नसत, कारण बिअरचं विरजण तिच्यावरच सुकून राहायचं. चाळीस वर्षं माळ्यावर पडलेली काठी मी भिजवली आणि पहिलं पिंप फसफसलं. मी हर्षाने वेडा व्हायचा राहिलो.

दुसरं पिंप लावताना पाहुणे येणार म्हणून बायकोने काठी आणि पिंपं उकळत्या पाण्याने लख्ख घासून ठेवली. विरजण मेलं. चारचौघांत मी ओरडलो, "अक्कल गहाण ठेवलीस का? पुन्हा भट्टीघरात पाऊल टाकू नकोस." तिने टाकलं नाही. विकतच्या यीस्टवर मी अकरा वर्षं डोकं आपटलं, पण ती चव आली नाही.

४. गेल्या हिवाळ्यात ती गेली. स्वयंपाकघर आवरताना मुलगी म्हणाली, "बाबा, ही बरणी टाकू नका. तुमच्या पहिल्या पिंपातला गाळ आईने वाटीभर नेऊन हिच्यात जपला होता. त्यावरच ती पाव फुगवायची."

"मग मला बोलली का नाही?"

"म्हणायची, एकदा येऊन विचारू देत, लगेच देते."

अकरा वर्षं रोज सकाळी मी तो पाव खाल्ला. 'छान झालाय' एवढंही कधी म्हणालो नाही. हे लिहिताना मला रडू येत आहे. वकिलांनी हे वाक्य खोडू नये.

५. ती बरणी माझ्या मालमत्तेत धरू नये. ती तिची होती, आता मुलीची आहे. मी तिच्यातलं बोटभरही घेतलेलं नाही. बाळ, नाही म्हणालीस तर खुशाल पाव करत राहा, माझी तक्रार नाही. पण जिला विचारायचं होतं ती राहिली नाही, म्हणून हे कलम आजच तुला वाचायला देऊन विचारतो. एका पिंपापुरतं, वाटीभर विरजण देशील?

साक्षीदार: १. पिंपं करणारा सुतार. २. समोरची शिंपीण. (साक्षीदारांना वाटा मिळत नाही, हे कळल्यावर सुताराने दोन बाटल्या आधीच संपवल्या.)

दिनांक: ३ मार्च
ठिकाण: तिचं स्वयंपाकघर. भट्टीघरात बसवेना.
सही