छपराखालचा बर्फ

वेदरस्बी, व्हरमाँट
६ जानेवारी १८७२

ती. आजोबांस,
ऑरिनचा सा. न. वि. वि.
ग्रीकच्या मास्तरांशी भांडून मी कॉलेज सोडलं, हे आईनं तिखटमीठ लावून कळवलं असेलच. सध्या गावानं मला तुम्हीच बांधलेल्या छपराच्या पुलावर नेमलंय. काम काय, तर पुलात बर्फ घालायचा! बाहेर कंबरभर बर्फ, आत छपराखाली कोरड्या फळ्या. त्यांवर बिनचाकांच्या बर्फगाड्या सरकत नाहीत. आधी छप्पर घालून बर्फ अडवायचा, मग माणूस ठेवून तोच आत न्यायचा, हे कुठलं शहाणपण? खरं सांगा, छप्पर घातलंत कशाला?

दुसरं. गिरणीवाल्यांची लव्हिना तुम्हाला आठवतेच. पुढच्या शनिवारी तिचे वडील तिला पलीकडच्या गावी, दुकानदार प्रॅटच्या घरी आठवडाभर राहायला नेताहेत. राहायला कसलं, लग्न ठरवायला! वाट एकच, तुमचा पूल. मधले वीस फूट मी कोरडे ठेवणार. अडकू दे गाडी!
रागावलात तरी माया पातळ करू नका.
ऑरिन

नॉर्थ हॉलो
९ जानेवारी

चि. ऑरिनला अनेक आशीर्वाद.
छप्पर माणसांसाठी नाही रे, लाकडांसाठी. फळ्या जाळीसारख्या तिरप्या रचून आम्ही ओकच्या खुंट्यांनी जोडल्या. खुंट्यांच्या भोकांत पाणी शिरलं की दहा-बारा वर्षांत पूल कुजतो. हा चौतीस वर्षं उभा आहे. सगळा आधी कुरणात आडवा जुळवला, फळीफळीवर पटाशीनं खुणा कोरल्या, मग नदीवर उभा केला. खालचे टेकू पाडले तेव्हा मी मुद्दाम पुलाखाली नावेत बसलो होतो. पूल दोन बोटं खचला नि थांबला. काठावरून तुझी आजी, तेव्हा ती कुणाचीच आजी नव्हती, मला मूर्ख, मूर्ख म्हणून ओरडत होती. तिथंच मला तिच्या मनातलं कळलं.

त्याच वाटेनं डॉक्टरही जातो. डोकं ठिकाणावर ठेव, बर्फ नीट घाल.
तुझा आजोबा

वेदरस्बी
१३ जानेवारी

ती. आजोबांस सा. न.
ऐकलं तुमचं! बर्फ असा घातला की घोड्याची चालसुद्धा मोडली नाही. तिच्या वडिलांनी चक्क टोपी उचलली. लव्हिना मात्र पलीकडच्या टोकाला मफलर पडल्याचं निमित्त करून उतरली, चालत मागे आली आणि मला फैलावर घेतलं. म्हणे, माझा तापट स्वभाव अख्ख्या गावाला ठाऊक. मी वाट अडवणार म्हणून ती सकाळीच जाड बूट घालून बसली होती, आणि नेमकं आजच मला सभ्य व्हायचं सुचलं! तेवढ्यात वडिलांची हाक आली नि ती गेली. प्रॅटला उत्तर ती घरी परतल्यावर जाणार आहे. परत येणार शनिवारी दुपारी. आता बोला!
तुमचाच (सध्या नाइलाजानं)
ऑरिन

नॉर्थ हॉलो
१६ जानेवारी

चि. ऑरिनला आशीर्वाद.
पूल मी बांधला आहे. मधल्या वीस फुटांतल्या फळ्या तपासून बरेच दिवस झाले. शनिवारी दुपारी तिथला बर्फ झाडून टाक. कुणी विचारलं तर माझं नाव सांग. फावडं हाताशी ठेव. डॉक्टर आला तर लगेच बर्फ परत घाल. गिरणीवाले आले तर घाई करू नकोस. गाडी अडकेल, वडील घोड्याशी झटत बसतील, तेवढ्यात तिला काय ते विचार.

लोभ आहेच, शनिवारनंतर दोघांवर करू. तुझी आजी खांद्यावरून हे वाचतेय आणि मला पुन्हा मूर्ख म्हणतेय.
आजोबा