एक टोक मोकळं

३ जून
नवी नोकरी, नवं घर, आणि घरापासून ऑफिस पायी जाण्याइतकं जवळ. देव पावला म्हणायचं. काम एका नव्या सभागृहाचं. माइक कुठे, स्पीकर कुठे, कुठली केबल कुठून निघून कुठल्या सॉकेटमध्ये शिरते, हे कॉम्प्युटरवर रेघांनी जोडायचं. मी रेघ ओढणार, खाली वायरमनदादा खरी केबल ओढणार. सुट्टी संपून शाळा उघडेपर्यंत लेक शेजारच्या खुर्चीत बसली तरी चालेल, असं साहेब म्हणाले. सहा वर्षांची आहे, सगळे तिला टकळीच म्हणतात. आज तिने साहेबांना टक्कल थंडीत गार पडतं का, असं विचारलं. नोकरी तरीही टिकली.

५ जून
माझ्या आधीच्या बाईंनी ड्रॉइंग फार नीट ठेवलंय. शंका विचारायला फोन केला तर उचलत नाहीत, मेसेजला मात्र लगेच उत्तर. एकच केबल अर्धवट आहे: एक टोक मुख्य स्पीकरला, दुसरं हवेत. सॉफ्टवेअर ती लाल दाखवतं आणि प्रिंट काढू देत नाही. पुसली तर पुन्हा उगवते. साहेबांना प्रिंट आजच हवी होती. मग आम्ही सगळे करतो तेच मी केलं: एक खोटा चौकोन काढला आणि टोक त्यात खुपसलं, नंतर बघू म्हणून. चौकोनाला नाव द्यावं लागतं. टकळी शेजारी बसून डोकं खात होती, तिचंच दिलं. रेघ हिरवी झाली.

६ जून
टकळी सकाळपासून गप्प. तोंड उघडते, आवाज नाही. डॉक्टर म्हणाले घसा स्वच्छ आहे, येईल आपोआप. घर इतकं शांत आहे की नळाचा थेंब ऐकू येतो. मला हे अजिबात आवडत नाही.

९ जून
वायरमनदादा वर आले. म्हणाले, मुख्य स्पीकरला अजून वीजच दिलेली नाही, तरी त्यातून लहान मूल बोलतंय, ताई, येऊन बघा. मी गेले. रिकाम्या खुर्च्या, आणि वरून माझी टकळी. इथे अंधार आहे म्हणत होती. आई कुठे गेली विचारत होती. मी खाली उभी राहून घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. तिला ऐकू गेलं नाही. स्पीकर बोलतो, ऐकत नाही, हे मला नाही कळणार तर कुणाला कळणार.

१० जून
आधीच्या बाईंना विचारलं, ते टोक तुम्ही कशाला जोडलं होतं. उत्तर आलं: माझंच नाव दिलं होतं. घाबरून चौकोन पुसला, आवाज कायमचा गेला. तुम्ही पुसू नका.
म्हणून त्या फोन उचलत नाहीत.

११ जून
टकळीने पाटीवर लिहिलं: आई, मी कुठे बोलते?
काय सांगू हिला. मी केलंय हे. माझ्या हाताने.

१२ जून
स्पीकरमधला आवाज बारीक होतोय. शब्द तुटतायत. पुसता येत नाही, ठेवता येत नाही—
परतीची केबल आखून पाहिली, स्पीकरपासून तिच्या चौकोनापर्यंत. जोडली जात नाही. स्पीकर नुसता घेतो, पुढे पाठवत नाही. तिच्याकडे जाणाऱ्या केबलला आवाज देणारं काहीतरी हवं.
दुसरा चौकोन काढला. माझं नाव दिलं, आणि तिथून तिच्या चौकोनापर्यंत केबल ओढली. माझा आवाज गेला तर जाऊ दे. तिला मिळू दे, एवढंच—

१३ जून
रेघ हिरवी.
माझा आवाज गेला. चालेल.
टकळीला घेऊन सभागृहात आले. तिचे ओठ हलले. मी रडायलाच लागले—
ती म्हणाली, आई.
माझ्या आवाजात. बाईमाणसाच्या, माझ्याच, घोगऱ्या— घाबरून तिने तोंडावर हात दाबला. सोडत नाही—
आणि वरून अजून ती. तिचा आवाज. हाका मारतेय, आई, आई, ओ का देत नाहीस—
मी ओ—