फक्त ढोल

बाबा, पाटणकर बाजारातलं आपलं दुकान आता मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याकडे आहे. परवा आईचं औषध आणायला म्हणून निघालो आणि औषध राहिलंच. समोरच्या ओट्यावर बसून कचोरी खात त्या दुकानाकडे बघत राहिलो. तुमची ‘येथे कॅसेट भरून मिळेल’ ही पाटी त्याने काढलेली नाही. तिच्यावरच आपली चिकटवलीय आणि डाव्या कोपऱ्यात तुमचा ‘ये’ अजून डोकावतो. मी हे कशाला सांगतोय? तुम्ही म्हणायचात, याला दही आणायला पाठवलं तर म्हशीची चौकशी करून परत येईल, दही सोडून. ते अजून तसंच आहे. कॉलेज सोडलं, तीन शहरं सोडली, पण हे सुटलं नाही. तर आज एकाच गोष्टीबद्दल लिहायचं ठरवलंय, एका कॅसेटबद्दल.

मी सोळा वर्षांचा आहे, उन्हाळ्याची सुट्टी आहे. कॅसेट भरून घ्यायला आता महिन्यातून एखादे पेन्शनर काका येतात, बाकी तुम्ही दिवसभर लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरता. दोन कॅसेटवाली ती मोठी मशीन मात्र आईच्या जुन्या साडीच्या कव्हराखाली रोज पुसली जाते. मला रॅपचं वेड लागलंय. वहीच्या मागच्या पानांवर हिंदीत, आपल्या गल्लीच्या भाषेत, शब्द जुळवतो, नेटवरून तयार संगीत उतरवतो आणि त्यावर तोंड चालवतो. एक दिवस धीर करून फोन तुमच्या पुढ्यात धरला. तुम्ही सबंध ऐकलंत, चष्मा काढून.

“काय म्हणतात याला?”

“हिपहॉप आहे बाबा.”

“म्हणजे?”

“म्हणजे... रॅप.”

“मग रॅपच म्हण ना. एका पोराला दोन नावं कशाला?” आणि जरा थांबून, “शब्द ठीक आहेत. पण मागे वाजवतंय कोण?”

“पता नहीं. नेट से उठाया.”

“नाव तरी असेल?”

“पता नहीं, बाबा.”

“वा. म्हणजे ज्याचं नाव ठाऊक नाही त्याच्या खांद्यावर बसून राजे मिरवणूक काढतायत!”

दुकानात एक गिऱ्हाईक होतं, ते हसलं. तुम्ही काही दुखवायला बोलला नव्हतात, हे मला आज कळतं. तेव्हा फक्त ते हसणं ऐकू आलं.

दुसऱ्या दुपारी तुम्ही जेवायला घरी गेलात आणि दुकान माझ्यावर सोपवलंत. मी मशीनवरची साडी काढली, तुमचा अनाउन्समेंटचा माइक जोडला. खणातून घाईत हाताला लागली ती कॅसेट काढली आणि आत टाकली, पण रेकॉर्डचं बटण दबेना. तिचा दात तोडलेला होता. तुम्हीच शिकवलं होतं मला, कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकचे दोन बारके दात असतात, एकेका बाजूचा एकेक. दात तोडला की त्या बाजूवर कोणी चुकूनही दुसरं काही भरू शकत नाही. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की मशीन फसते, हेही तुम्हीच शिकवलं होतं. मी पट्टी लावली आणि अर्धा तास बडबडलो. चुकलो की पुन्हा, चुकलो की पुन्हा, मागे ना संगीत ना काही. बघा, कुणाच्याही खांद्यावर न बसता. बाजू संपायच्या जरा आधी तुमची स्कूटर ऐकू आली आणि मी मशीन बंद केली.

आषाढात तुम्ही गणपतीची तयारी काढलीत. आपल्या गल्लीच्या गणपतीचा साउंड तुमच्याकडे असायचा. मोठ्या मशीनच्या जोडीला दुसरी लहान मशीन, दोन्हींत कॅसेट तयार ठेवून, एक संपत आली की दुसरी हळूच वर आणायची, असं तळ्यापर्यंत. नाचणाऱ्याचा पाय हवेत असताना गाणं संपू नये, एवढा एकच नियम होता तुमचा. आणि विसर्जनासाठी ती खास कॅसेट. कुठल्याशा सिनेमातल्या गाण्याच्या सुरुवातीला थोडा वेळ नुसता ढोल होता. सगळे तेवढ्यावरच वेडे व्हायचे आणि गाणं सुरू झालं की ढिले पडायचे. म्हणून तुम्ही एका वर्षी चार दिवस बसून तो तुकडा एका मशीनवरून दुसऱ्यावर उतरवलात. पॉज दाबायचं, पहिली कॅसेट मागे न्यायची, पॉज सोडायचं, पुन्हा. एक अख्खी बाजू नुसता ढोल.

तुम्ही ती मशीनमध्ये टाकलीत आणि माझा आवाज आला.

“इकडे ये जरा. ही पट्टी कुणी लावली?”

“पता नहीं.”

तुम्ही कॅसेट उजेडात धरलीत, पट्टीवरून अंगठा फिरवलात. “छान लावलीय. एक सुरकुती नाही. माझ्यापेक्षा हात चांगला आहे ज्याचा कुणाचा आहे त्याचा.” आणि मग कॅसेट डबीत ठेवताना, माझ्याकडे न बघता, “पलटून लावायची होती रे. दुसरी बाजू कोरी होती.”

एवढंच. ओरडला असतात तर बरं झालं असतं, मीही ओरडून घेतलं असतं. उलट दोन दिवसांनी तुमचा तो मोठा हेडफोन, एका बाजूला आईने मखमल शिवलेला, माझ्या दप्तरात निघाला. “पुढचं सगळेच ऐकतात,” तुम्ही म्हणालात, “तू मागचं ऐकायला शीक. आणि ते गाणं शोधून काढ, मूळ कॅसेट कधीच तुटली. आपण दोघं मिळून परत भरू. गणपतीला अजून वेळ आहे.”

गणपतीला वेळ होता. श्रावणात तुम्ही गेलात, दुकानातल्या खुर्चीवरच. मी गाणं शोधायला अजून सुरुवातही केली नव्हती. त्या वर्षी पोरांनी दुसरीकडून साउंड आणला, आपल्यापेक्षा कितीतरी मोठा. मी ठेल्याच्या मागून चालत होतो. एक गाणं संपून दुसरं लागेपर्यंत दोन-तीन सेकंद जायचे आणि तेवढा वेळ सगळी गल्ली हात वर करून नुसती उभी. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मी मोजत होतो.

मग मी जो निघालो तो निघालोच. इंदूर, पुणे, दिल्ली. दिल्लीत एका दादाच्या खोलीवर पडून असायचो, तो लॅपटॉपवर बीट बनवतो, म्हणजे रॅपच्या मागे वाजतं ते. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, “रॅप करता है कि हिपहॉप?” मी हसलो, “एक ही बात है ना.” तो हसला नाही. त्याने सांगितलं ते असं, की रॅप म्हणजे तोंडाचं काम, आणि हिपहॉप म्हणजे सगळी गल्ली. एक भिंत रंगवणार, काही जण नाचणार, एक माइक धरणार. आणि या सगळ्यांच्या आधी, दोन मशीनवाला. त्याने बघितलं की लोक गाण्यावर नाही, मधल्या नुसत्या ढोल-ताशावर नाचतात, म्हणून त्याने एकाच गाण्याच्या दोन प्रती घेऊन तेवढाच तुकडा चालू ठेवला. माइकवाला तर सुरुवातीला त्याचा पुकारा करायला उभा होता. ज्यांच्याकडे तशा मशीन नव्हत्या ते घरी कॅसेटवर पॉज दाबून दाबून तुकडा लांबवायचे. दादा हे सातासमुद्रापलीकडच्या एका वस्तीबद्दल सांगत होता आणि मला बसल्या जागी आपली गल्ली दिसत होती. आपल्याकडे एक काका दरवर्षी गणपतीमागचा पडदा रंगवायचे. पोरं नाचायची. पुकारा करायला माइकवर कोणी ना कोणी असायचंच. आणि दोन मशीन घेऊन तुम्ही. आणि मी तुम्हाला समजावत होतो हिपहॉप काय असतं ते.

सहा महिने लॅपटॉपवर बोट मारत बसलो. पहिले ठोके ठेवायला शिकलो, मग ते मोजून सरळ रेषेत बसवायला, आणि जे बनवलं ते सगळं मेलेलं निघालं. गेल्या वर्षी घरी आलो तेव्हा आईने स्टीलच्या डब्यातून ती कॅसेट काढून दिली. मशीन तिने विकलेली नाही. लावली. अर्धा तास मी बडबडतोय, लाज वाटेपर्यंत. मग खट्ट, आणि तुमचा ढोल. माझ्या तडाख्यातून वाचलेली शेवटची तेवीस सेकंदं. तुकडा चार वेळा फिरतो आणि दर वेळी जोड केसभर उशिरा येतो, कारण तुमचं बोट पॉजवरून उठायला तेवढा वेळ लागायचा. मी शहाणपणा करून तो उशीर लॅपटॉपवर काढून टाकला, तर ढोल लगेच मेला. परत होता तसा ठेवला. तुमचा आवाज नाही त्यात, फक्त बोट आहे.

त्या तेवीस सेकंदांवर मी पहिली खरी बीट बनवली. परवा संध्याकाळी बिड़ला नगरात, मिलच्या जुन्या क्वार्टरांमागे पोरं नाचायला जमतात, तिथे वाजवली. अर्धं मैदान उठलं, बाबा. एकाने भिंतीला टेकवलेली सायकल पाडली. मग एक पोरगी आली, सतरा-अठराची, गळ्यात इअरफोन. “भैया, शब्द छोड़ो. ये पीछे ढोल किसका है?”

बरोब्बर तेच विचारलं तिने. आणि उत्तर माझ्या तोंडात होतं, ‘मेरे बाबा का’, तीन शब्द. पण पुढे तिने विचारलं असतं, और है क्या? अख्खी बाजू होती, असं सांगावं लागलं असतं. मग ती कुठे गेली, तेही.

मी म्हणालो, “पता नहीं यार. नेट से उठाया.”

ती “अच्छा” म्हणून परत नाचायला गेली.

हा कागद घडी घालून आईच्या त्या डब्यात ठेवतोय, दुसरीकडे पाठवू तरी कुठे. कॅसेटच्या डबीत मावत नाही, करून पाहिलं. डबीवर तुमच्या अक्षरात अजून आहे, ‘विसर्जन. फक्त ढोल. पुसू नये.’ वर मी लिहिलंय, घाईत हाताला लागली ती काढली. तसं नव्हतं, बाबा. लेबल मी वाचलं होतं.